काळजाच्या तुकड्याची तपासणी

बापाचं काळीज एकदा फाटलं, की ते ब्रह्मदेवालाही शिवता येत नाही.

वाक्य वजनदार आहे आणि साफ खोटं आहे. काळीज म्हणजे यकृत. शब्दकोशात हा अर्थ आधी येतो, हृदय मागाहून. आणि यकृत फाटलं तर शिवता येतं. त्याला ब्रह्मदेव लागत नाही. बारीक दोरा आणि हाताला सवय असलेली एखादी बाई पुरते.

या गोष्टीतल्या बापाला हे ठाऊक होतं, कारण असल्या वाक्यांवरच त्याचं पोट चालायचं. तो एका दैनिकात छोट्या जाहिराती बघायचा. वाढदिवस, पुण्यस्मरण, हरवले-सापडले, नावात बदल केला आहे. लोक मजकूर आणायचे मैलभर आणि चौकट असायची वीतभर. मजकूर चौकटीत बसवणं हे त्याचं काम. ऑफिसात त्याला 'कात्री' म्हणत. शब्द स्त्रीलिंगी, माणूस पुल्लिंगी, पण कात्री आला, कात्री जेवला, असं सगळे बिनदिक्कत म्हणत आणि व्याकरणाने कधी तक्रार केली नाही.

कात्रीने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उडवलेले शब्द म्हणजे 'काळजाचा तुकडा'. पहिल्या वाढदिवसाच्या जाहिरातीत ते असायचेच. आमच्या काळजाचा तुकडा, घराण्याचा दिवा, आजीच्या डोळ्यांतली बाहुली. एका बाळात इतके अवयव आणि वर दिवाबत्तीची सोय मावायची नाही. कात्री दिवा ठेवायचा, बाकीचं उडवायचा.

मग त्याला स्वतःला मुलगा झाला.

शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटात उजवीकडे एक सावली दिसली होती. "बाहेर आल्यावर बघू," असं डॉक्टर म्हणाले. बाळाला सिझेरियन करून बाहेर आणलं आणि सावली त्याच्याबरोबर आली. मग एमआरआय झाला. रक्त तपासलं. कॅन्सर असेल तर रक्तात एक गोष्ट वाढलेली दिसते, पण नवजात बाळांच्या रक्तात ती तशीही वाढलेलीच असते, त्यामुळे तिने काही सांगितलं नाही. एमआरआयच्या अहवालाचा सारांश असा, की ही रक्तवाहिन्यांची साधी गाठ असू शकते, तथापि अन्य शक्यता नाकारता येत नाहीत. कात्रीने 'तथापि'पासून पुढचं सगळं मनातल्या मनात उडवलं. मग परत वाचलं. ते तिथेच होतं.

लहान मुलांच्या सर्जनबाई ठेंगण्या, पिकल्या केसांच्या आणि बोलता बोलता समोरच्या कागदावर चित्रं काढणाऱ्या होत्या. खोलीत कात्री आणि त्याच्या सासूबाई बसले होते. बायको वरच्या मजल्यावर आपले टाके सांभाळत पडली होती.

"हिपॅटिक मास आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "इमेजिंगवरून नक्की सांगता येत नाही. लॅपरोस्कोपिक बायॉप्सी करावी लागेल."

"डॉक्टरीणबाई," सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला कळेल असं सांगा हो. आमच्या घरात सगळे मराठीच बोलतात, मांजरसुद्धा."

सर्जनबाईंना हे आवडलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "गाठ आहे, आजी. बाळाच्या काळजात. ती चांगली की वाईट ते फोटोवरून कळेना. म्हणून काळजाचा इवलासा तुकडा काढून बघायचा."

कात्रीच्या मनात त्या क्षणी एकच गोष्ट आली, आणि ती त्याने पुढे कुणाला सांगितली नाही. त्याच्या मनात आलं, वा. इतक्या वर्षांत हा शब्द कुणीतरी बरोबर वापरला.

सासूबाईंचा हात छातीवर गेला. डावीकडे. ते कात्रीने पाहिलं. पण दिसणं आणि लक्षात येणं यांच्यामध्ये त्याच्या डोक्यात त्या दिवसांत मोठी रांग लागलेली असायची.

"बाहेरून सुई खुपसायची, तर आत रक्त सुटलं तरी आपल्याला दिसणार नाही," सर्जनबाई सांगत होत्या. "पोट उघडायचं, तर एवढासा जीव, त्याचं केवढं ते पोट. म्हणून दुर्बीण. बेंबीशी एक भोक, बाजूला अजून एखादं. दुर्बीण पेनातल्या रिफिलएवढी. पोटात थोडा गॅस भरतो, म्हणजे आत जागा होते. डोळ्यांनी बघत तुकडा घ्यायचा. रक्त आलंच तर तिथल्या तिथे थांबवायचं."

"गॅस?" सासूबाई म्हणाल्या.

"नंतर काढून घेतो."

"आमच्या ह्यांचा आयुष्यभर निघाला नाही," सासूबाई सवयीने बोलून गेल्या आणि मग रडायला लागल्या.

"वाईट निघाली तर?" कात्रीने विचारलं. फोटो टाकायचाय का, हे तो गिऱ्हाइकाला ज्या आवाजात विचारायचा, त्याच आवाजात.

"तर औषधं, मग मोठं ऑपरेशन. गाठ आणि तिच्याबरोबर काळजाचा बराच भाग काढावा लागेल. पण त्याचं एक बरं असतं. काळीज परत वाढतं."

सासूबाईंनी रडणं थांबवून सर्जनबाईंकडे नीट बघितलं. ही बाई सकाळीच घेऊन बसलीय की काय, असं ते बघणं होतं.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे पोचली: बाळाचं हृदयाचं ऑपरेशन आहे. कात्रीला नातेवाइकांचे फोन आले, पण फोनवर लोक 'काळीज' म्हणत आणि तो 'हो' म्हणे. "काळजात गाठ आहे म्हणे रे?" "हो." "काळजाला हात घालणार म्हणे?" "हो." हे सगळं शब्दशः बरोबर होतं. चूक शोधायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बायकोचे मामा आले. त्यांची बायपास झालेली असल्यामुळे नात्यात हृदय हे खातं त्यांच्याकडे होतं. कुणाच्या छातीत जरा जळजळलं, तरी मामा आपली फाईल काखोटीला मारून हजर. त्यांनी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून शर्टाची वरची बटणं काढली आणि गळ्यापासून निघालेली शिवण कात्रीला दाखवली.

"ही बघ. हाड कापून उघडलं होतं. आज जिना चढतो."

"हो, दिसतंय."

"घाबरायचं नाही. ताईनं सांगितलं, पोटातून शिरणारेत म्हणे?"

"बेंबीजवळून."

मामांनी विचार केला. "माझी अँजिओ मनगटातून केली. पोटातून म्हणजे मार्ग लांबचा आहे. पण पोहोचतील." त्यांनी बटणं लावली. "तू रडलास का?"

"नाही."

"रड रे बाबा. मोकळा हो. तुंबलं की तिथेच जाऊन बसतं." त्यांनी आपल्या शिवणीवर बोट आपटलं.

कात्रीने खरोखर प्रयत्न केला. तोंड त्या तयारीला नेलं, डोळे मिटले, बाळाचा चेहरा आठवला, डोक्यावरची कापडी टोपी, नाकाला चिकटवलेली नळी. काही आलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं झालं होतं. लिफ्टचं दार कुणीतरी उघडं ठेवलं होतं आणि ती पुन्हापुन्हा टिंग करत होती. तेवढं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं. थोड्या वेळाने लिफ्टवाला आला आणि त्याने ती बंदच करून टाकली.

बायकोकडे तो रोज संध्याकाळी जायचा. तिचा फोन सासूबाईंनी काढून घेतला होता, इंटरनेटवर काहीबाही वाचेल म्हणून. तो खुर्चीवर बसायचा. चहा घेतलास का, घेतला. टाके दुखतायत का, दुखतायत. लिफ्ट बंद आहे, जिन्याने आलो. ती त्याच्याकडे बघत राहायची आणि तो खिडकीकडे. तिला सगळं माहीत आहे, आता आपण वेगळं काय सांगायचं, असं त्याला वाटत होतं. तिला सगळं माहीतच होतं. फक्त दुसरंच माहीत होतं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स तिला चाकाच्या खुर्चीवरून, पेशंटसाठीच्या वेगळ्या लिफ्टने, बाळाजवळ घेऊन आली. बाळ दिव्याखाली उताणं झोपलं होतं, हात कानांपाशी, कुणीतरी 'हात वर' म्हटल्यासारखे.

"थोडा वेळ बसा," नर्स म्हणाली. "मग खाली न्यायचंय त्याला."

बायको बाळाच्या तोंडाकडे बघत होती. "ओठ गुलाबी आहेत ना रे?"

"हो."

"निळे पडतात म्हणे. मामा म्हणाले."

"कशाने?"

"हृदयाच्या आजाराने."

कात्रीच्या डोक्यातली रांग जरा पुढे सरकली. "ह्याच्या हृदयाला काय झालंय?" त्याने विचारलं.

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "तू मला विचारतोयस?"

"गाठ लिव्हरमध्ये आहे. हृदय ठणठणीत आहे. त्याची वेगळी सोनोग्राफी पण केली."

"आई म्हणाली, काळजात."

"काळीज म्हणजे लिव्हर."

"कोणाच्या घरी?"

"शब्दकोशात."

ती हसायला लागली. एका हाताने टाके दाबून धरले आणि आवाज न करता हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कोपऱ्यातल्या नर्सने एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तिने इथे सगळ्या प्रकारचं बघितलं असणार. मग हसू जसं आलं तसं गेलं.

"सावली पोटात होती ना, म्हणून मी आईला विचारलं. तर म्हणाली, वर सरकली." बायकोने पदराने डोळे पुसले. "रोज मला इथे आणतात, तेव्हा मी ह्याच्या छातीवर बोट ठेवून बसते. ठोका जरा मागेपुढे झाला की माझा जीव जातो. आणि तू रोज येऊन मला लिफ्ट बंद आहे ते सांगत होतास."

"बंदच होती."

"गाढवा."

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहितीये."

"माझ्याकडे बघून वाटलं?"

त्याने बघितलंच नव्हतं.

"तुला काय वाटतंय आता?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. मग हे वाईट दिसेल असं वाटून म्हणाला, "म्हणजे मुद्दाम नाही. पण खरंच काही वाटत नाहीये. आतून सगळं पुसल्यासारखं."

ती रागावेल असं त्याला वाटलं. ती रागावली नाही. "बरं," ती म्हणाली. "हात दे इकडे." तिने त्याचा हात धरून बाळाच्या उजव्या बरगड्यांच्या खाली ठेवला. "इथे?"

"अजून जरा मध्ये. हां, इथे."

आत गाठ लागतेय का, ते त्याला कळलं नाही. पोट होतं. गरम होतं, वर-खाली होत होतं. हाताला ते कळत होतं, पण निरोप पुढे जात नव्हता.

"वाईट निघाली तर?" ती म्हणाली.

"तर मोठं ऑपरेशन. बराच भाग काढतात. पण परत वाढतं."

"लिव्हर?"

"हो. सर्जनबाई म्हणाल्या."

"लिव्हर म्हणाल्या की काळीज?"

कात्रीने आठवलं. "काळीज."

"मग परत विचारून ये," बायको म्हणाली.

तो खाली गेला. सर्जनबाई ऑपरेशन थिएटरच्या दाराशी टोपी बांधत होत्या. "काळीज परत वाढतं म्हणालात, ते लिव्हरच ना?" त्याने विचारलं.

"मग दुसरं काय?" त्यांचे हात टोपीच्या नाडीवर थांबले. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मला नाही. बाकी सगळ्यांना."

सर्जनबाईंनी त्याच्यामागे, थिएटरबाहेरच्या बाकावर बसलेल्या मंडळींकडे बघितलं. मामा फाईल मांडीवर घेऊन ताठ बसले होते. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की हेच देतात हो." आणि आत गेल्या.

बाळाला खाली आणून आत नेलं, मागोमाग बायकोची खुर्चीही आली. बाकावर खुलासा झाला. मामांनी तो दोनदा करवून घेतला.

"लिव्हर?" ते म्हणाले. "मग मला कशाला बोलावलं?"

"तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, मामा," बायको खुर्चीतून म्हणाली.

"ताई," मामा सासूबाईंकडे वळले, "मी दोन गाड्या बदलून आलो."

सासूबाई वेगळ्याच हिशेबात होत्या. "म्हणजे मी इतकी रडले ती कशासाठी?"

"त्याच्यासाठीच," कात्री म्हणाला. "जागा चुकली फक्त."

"पण लिव्हर बरं ना? हृदयापेक्षा?"

हृदय नाही म्हटल्यावर सगळ्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. मग हळूहळू ध्यानात आलं, की सुटलेलं कुणीच नाही. गाठ होती तिथेच होती आणि 'अन्य शक्यता नाकारता येत नाहीत' हेही होतं तिथेच होतं. बायकोने चाकाची खुर्ची दाराच्या समोर लावून घेतली आणि दाराकडे बघत राहिली. ती नजर अशी, की दारालाच अवघडल्यासारखं व्हावं.

तेवढ्यात कात्रीचा फोन वाजला. ऑफिसातल्या मंडळींनी त्याच्यासाठी चौकट करायची ठरवली होती. मजकूर मंजुरीसाठी पाठवला होता: 'आमचे लाडके सहकारी कात्री यांच्या काळजाच्या तुकड्यास उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा. शुभेच्छुक: सर्व कर्मचारी वर्ग.'

बापाने तो वाचला. दाराआड त्या वेळी बाळाच्या पोटात गॅस भरला जात असणार, किंवा रिफिलएवढी दुर्बीण बेंबीशेजारून आत शिरत असणार. कात्रीचा अंगठा आपोआप हलला. त्याने 'काळजाच्या तुकड्यास' काढून 'बाळास' केलं, 'लाडके' उडवलं आणि उत्तर लिहिलं, 'आता बसेल.'

"काय लिहितोयस?" बायकोने विचारलं.

त्याने फोन दाखवला. तिने वाचलं. "लाडके ठेवायचं होतंस," ती म्हणाली आणि पुन्हा दाराकडे वळली.

सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. "झालं. ठीक आहे बाळ. गाठीतून थोडं रक्त आलं, थांबवलं." त्यांनी फोटो दाखवला: गुळगुळीत तपकिरी काळीज, आणि त्याच्या कडेला जांभळं, फुगीर ढेकूळ. "मला दिसायला तरी रक्तवाहिन्यांचंच वाटतंय. पण माझ्या वाटण्याला अर्थ नाही. रिपोर्ट येऊ दे."

"तुकडा केवढा काढला?" मामांनी विचारलं. त्यांना काहीतरी विचारणं भाग होतं.

"पेन्सिलीच्या शिशाएवढा. लांबी नखाएवढी."

"आणि तो परत लावणार ना?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आजी. तो लॅबमध्ये जातो. मेणात बसवून त्याचे पातळ काप करतात."

"त्याच्या काळजाचे?"

"लिव्हरचे," सर्जनबाई घाईने म्हणाल्या.

रिपोर्ट यायला काही दिवस गेले. बायको ते दिवस जेवली नाही म्हटलं तरी चालेल. कात्री व्यवस्थित जेवला आणि त्याची त्याला लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही. मग एका दुपारी त्याच खोलीत सर्जनबाईंनी कागद वाचला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "रक्तवाहिन्यांचा गुंता. वाईट काही नाही."

"मग आता काय करायचं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे औषध?"

"नाही. बहुतेक आपोआप आटते. अधूनमधून सोनोग्राफी करून बघायचं."

"म्हणजे नुसतं बसायचं?"

"बसा, उभ्या राहा. तुमची मर्जी."

बायको रडली. सासूबाई रडल्या, या वेळी योग्य जागी. मामांना फोन गेला. त्यांनी, आपल्याला पहिल्यापासून हीच शंका होती, असं सांगितलं. कात्री आपल्याला काहीतरी होईल म्हणून थांबला. त्या खोलीत झालं नाही. घरी गेल्यावर होईल असं त्याला वाटलं, मग बाळ पालथं पडेल तेव्हा, मग बसायला लागेल तेव्हा. ते होतच राहिलं, पण बाळाचं.

एकदा ऑफिसात एक बाप मुलीच्या वाढदिवसाचा मजकूर घेऊन आला. काळजाचा तुकडा, घराण्याचा दिवा, सगळी दिवाबत्ती होती. कात्रीने पेन उचललं, 'काळजाचा तुकडा'वर थोडा वेळ धरलं आणि त्या दिवशी दिवा उडवला. जाहिरात छापून आल्यावर तो माणूस तक्रार घेऊन आला. आजोबांनी 'दिवा' मुद्दाम घालायला सांगितला होता. पुन्हा छापून द्यावी लागली.

वर्ष होत आलं तेव्हा पुन्हा सोनोग्राफी झाली. बाळाला बायकोने मांडीवर दाबून धरलं होतं. सोनोग्राफीवाले डॉक्टर पोटावरून यंत्र फिरवत पडद्यात डोकावत होते. वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं.

"कुठे होती म्हणालात?"

"काळजात," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी छातीकडे बघितलं.

"लिव्हरमध्ये," कात्री म्हणाला.

"हां. लिव्हरमध्ये आता काही नाही." त्यांनी अजून एकदा फिरवून बघितलं. "बारीकसा डाग आहे. तो राहील नाही तर जाईल."

बायकोने कात्रीकडे बघितलं. या वेळी त्यानेही तिच्याकडे बघितलं. तेवढ्यात बाळ शिंकलं, दोनदा, आणि त्याच्या नाकातून आलेलं सगळं कात्रीच्या बाहीला लागलं.

त्याला सर्दी झाली होती. सर्दीची ओपीडी तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद होती.